कुर्डीच्या वाटेवर हातातलं जीपीएस

हे यंत्र मी फेब्रुवारीत घेतलं. वापरलेलं, साडेसहा हजारांना. आता ऑगस्ट संपत आला. ऊन आणि पाऊस दोन्ही पाहून झाल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आपल्या गोव्यात कुठल्याही वस्तूची खरी परीक्षा जून लागल्यावरच होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे याच्या उणिवाही सांगणार आहे, आणि एका जुन्या यंत्रावरून अख्ख्या कंपनीला बोल लावणं मला पटत नाही.

तळहातात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, नुसतं जीपीएसचं यंत्र. याच्यावरून फोन लागत नाही, संदेशही जात नाही. हे मुद्दाम सांगते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी याच आकाराची यंत्रं मिळतात, दिसायला अगदी सारखी, आणि आपल्याकडे ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अडचणीत आल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. परदेशातला कोणी नातेवाईक ‘तुझ्यासाठी आणतो’ म्हणाला, तर त्यात संदेशाची सोय नाही ना, हे आधी विचारून घ्या.

घेतलं ते जिओकॅशिंगसाठी. माझा भाचा दहावीला आहे, त्याने हे खूळ घरात आणलं. कोणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. दुसरे त्या आकड्यांवरून तिथे पोचतात, डबीतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात, आणि डबी जशी होती तशी परत ठेवतात. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची आपली ठेवायची. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनेही हुकायची. ती चूक काढून टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे सगळ्यांना सांगितले. तिथून हा खेळ सुरू झाला. इंग्रजीतला ‘कॅश’ हा शब्द ऐकला की माझ्या सासूबाईंना पैसेच आठवतात, म्हणून आमच्या घरात त्याला डबीच म्हणतात.

अधिकृत डबी ठेवायची तर जागेच्या मालकाची परवानगी लागते, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि खेळ चालवणाऱ्यांची माणसं ती तपासून मगच नकाशावर घेतात. आम्ही त्यात न पडता घरच्या घरी खेळ मांडला. डब्या आम्हीच ठेवायच्या, आम्हीच शोधायच्या, आणि संध्याकाळी परतताना सगळ्या उचलून आणायच्या. वाट निवडली साळावली धरणाची. कारण माईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर कुर्डीचं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. साळावली ही जुवारीची उपनदी. सांग्याजवळ तिच्यावर धरण बांधलं, १००४ मीटर लांब आणि ४२.७ मीटर उंच, काही भाग मातीचा आणि काही दगडी. दक्षिण गोव्यातल्या बहुतेकांच्या नळाला येतं ते पाणी इथलं. सांडव्याला दरवाजे नाहीत. धरण भरलं की बदकाच्या चोचीसारख्या गोल कडेवरून पाणी आपोआप आत कोसळतं, आणि ते बघायला पावसाळ्यात गर्दी होते. या पाण्याखाली जी गावं गेली त्यात कुर्डी होतं. सहाशेहून जास्त कुटुंबं उठली. पुष्कळांना वालकिणी आणि वाडें इथल्या पुनर्वसनाच्या वसाहतींत जागा मिळाली. माईंचे भाऊ वालकिणीला गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्याच गावच्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की गाव पुन्हा उघडं पडतं. सोमेश्वराच्या देवळापाशी जुनी माणसं जमतात, उत्सव होतो, आणि पाऊस लागला की पुन्हा सगळीकडे पाणी.

आता यंत्राकडे येते. पहिल्याच दिवशी फसगत झाली, ती विक्रेत्यामुळे. ‘भारताचा नकाशा भरलेला आहे’ असं लिहून त्याने विकलं होतं. उघडून बघते तर गोव्याच्या जागी महामार्गाच्या दोन रेघा आणि समुद्राची कड. विचारलं तर उत्तर नाही. मग भाच्याने ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला, फुकट मिळणारा नकाशा कार्डावर उतरवून आत घातला. तो चांगला निघाला, सांग्याच्या बाजूच्या कच्च्या वाटाही त्यात दिसल्या. तेव्हा विक्रेत्याच्या नकाशाला पैसे मोजू नका, फक्त कार्डाची खाच आहे का ते बघा.

फोन असताना हे कशाला, असं मला दुकानातल्या प्रत्येकाने विचारलं. (मी कुडचड्याला औषधांच्या दुकानात काम करते.) प्रश्न रास्त आहे. फोनमधल्या जीपीएसलाही रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि तो घरून उतरवून नेता येतो. पण मे महिन्यात कुर्डीच्या उघड्या तळात सावलीला झाड नाही. नऊ वाजता यजमानांचा फोन तापून ‘थंड होऊ द्या’ म्हणायला लागला आणि काळा पडला. या यंत्राचा पडदा लहान आणि फिका आहे, पण ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो. घामाच्या हातांनी बटणं दाबता येतात. सेल संपले तर कुठल्याही गाड्यावर मिळतात. मला एवढं पुरेसं होतं.

उणिवा अशा. बाजूची रबरी झाकणी दुसऱ्या महिन्यात सैल झाली. मी तिथे दुकानातली चिकटपट्टी गुंडाळली आहे, पावसात पाणी अजून तरी गेलेलं नाही. मधली छोटी दांडी चारी बाजूंना हलते, आणि ‘खाली’ दाबायला गेलं की हमखास ‘आत’ दाबलं जातं. माईंच्या बोटांना ते जमतच नाही. देवनागरी नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. ‘माईंचं घर’ असं लिहायचं होतं, ते रोमन अक्षरांत तोडून-जोडून लिहावं लागलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे यात चुंबकाचं होकायंत्र नाही. दिशेचा बाण तुम्ही चालत असाल तरच खरा असतो. थांबलात की तो भरकटतो. घेताना हे कोणी सांगत नाही. महागाच्या यंत्रांत होकायंत्र असतं, पैसे असतील तर तेच घ्या.

पण खरी चूक आमच्याकडून झाली, आणि ती कुठल्याही यंत्रावर होईल म्हणून नीट सांगते. मार्चमध्ये धरणाच्या अलीकडे रस्त्यालगत सरावाची पहिली डबी ठेवली. जागा भाच्याने फोनवरून टिपली आणि मी ती यंत्रात भरली. फोन दाखवत होता अंश, मिनिटं, सेकंद. यंत्राला हवे होते अंश आणि दशांशातली मिनिटं. १५ अंश १२ मिनिटं ४५ सेकंद म्हणजे १५ अंश १२.७५ मिनिटं. मी भरले १२.४५. आकडे तेच दिसतात, त्यामुळे शंकाही आली नाही. पण फरक पडतो ०.३ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ १८५२ मीटर. नुसत्या उत्तर-दक्षिणेतच साडेपाचशे मीटर चुकलो, रेखांशाची चूक आणखी वेगळी. लेक पाचवीत आहे. दीड तास काट्याकुट्यांतून फिरून तिच्या पायाला खरचटलं आणि ती रडायला लागली. तेव्हा भाच्याने दोन्ही पडदे शेजारी धरले आणि चूक सापडली. आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: आधी दोन्हीकडे एकच पद्धत लावा, मगच आकडे भरा. दशांशातली मिनिटं लावली की मोजणंही सोपं जातं. तिसऱ्या दशांशस्थळी एकने फरक पडला तर जमिनीवर साधारण १.८५ मीटर. दोन पावलं, लेकीची तीन.

डब्यांबद्दल मला अधिकाराने बोलता येईल. दुकानात गोळ्यांच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या बाटल्या पडून असतात. फिरकीचं झाकण, आत पातळ चकती, हवा जात नाही. त्यांतच ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी येते. या पुड्या आम्ही टाकून देत होतो. आता मी त्या जमवते. बाटलीवरची चिठ्ठी गरम पाण्याने पूर्ण सोलून काढायची आणि बाहेर ठळक लिहायचं की हा खेळ आहे, आत औषध नाही. रानात औषधाची बाटली पडलेली बघून कोणा पोराने तोंडात काही घालू नये. आत वहीऐवजी कागदाची लांब गुंडाळी, आणि लिहायला शिसपेन्सिल. शाईचं पेन नको. जूनमध्ये एक बाटली आणि एक डबा मुद्दाम परसात कुंडीमागे आठवडाभर ठेवून पाहिल्या. गोळ्यांच्या बाटलीतला कागद कोरडा निघाला. खटक्यांच्या प्लास्टिक डब्यात घामासारखे थेंब आणि कागदावर काळी बुरशी. बाजारात खेळासाठी म्हणून महागड्या डब्या मिळतात, त्यांची मला तरी गरज वाटली नाही.

खाण्याचं काहीही आत ठेवायचं नाही, हा नियम जगभर आहे. लेकीने ऐकलं नाही, शेंगदाण्याची चिक्की ठेवली. दोन तासांत डबीला तांबड्या मुंग्यांचा वेढा. पुन्हा तिने तसं केलं नाही.

कुठे ठेवू नये तेही सांगते. धरणाच्या भिंतीवर, सांडव्याच्या आसपास, पंपघरापाशी कधीच नाही. पहारेकऱ्याला बेवारस बाटली दिसली तर त्याने काय समजावं? जमिनीत पुरायची नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. आणि देवळात नाही. कुर्डीचं महादेवाचं प्राचीन देऊळ बुडणार म्हणून एकेक दगड सोडवून तिथून हलवलं आणि धरणाजवळ पुन्हा उभं केलं. आमच्या वाटेवरची पहिली खूण तीच होती, पण तिथे डबी ठेवली नाही. मुलांना प्रश्न दिले: खांब किती, पायऱ्या किती, पाण्याची मोरी कुठल्या बाजूला. उत्तरं बरोबर आली तर त्यांतून पुढच्या खुणेचे शेवटचे आकडे मिळायचे. हा प्रकार आम्हाला डबीपेक्षाही आवडला. अर्धा तास मुलं दगडांपाशी उकिडवी बसून मोजत होती. एरवी ती पाच मिनिटांत ‘चला’ म्हणाली असती. माई पायरीवर बसून होत्या. हे देऊळ त्यांनी लहानपणी त्याच्या मूळ जागी पाहिलेलं. कुर्डीची जांभ्या दगडातली मातृदेवीची मूर्तीही अशीच हलवली, ती आता वेर्ण्याला आहे. भाचा म्हणाला, देवांचे अक्षांश-रेखांश बदलले. माई म्हणाल्या, ‘देवांक जागो मेळ्ळो.’

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुर्डीत उतरलो. सकाळी सातला सुरुवात केली, ती बरी केली. तळातली माती वाळून चिरफाळलेली, पायाखाली शिंपल्यांचा चुरा, मध्येच हिरव्या गवताचे पट्टे आणि त्यांत चरणारी गुरं. झाडांचे बुंधे उभे आहेत, राखाडी, साल नसलेले. घरांची जोती दिसतात, चिऱ्यांची, गुडघ्याएवढी. पहिल्या दोन डब्या वाटेच्या कडेला दगडांच्या आडोशाला ठेवल्या होत्या, त्या मुलांनी पटापट काढल्या. उघड्या आभाळाखाली यंत्राची अचूकता तीन-चार मीटर दाखवत होती. झाडीत हीच दहा-बारावर जाते. शेवटच्या दहा मीटरांत यंत्र खिशात टाकायचं आणि डोळ्यांनी शोधायचं, हे या खेळात मुरलेले सगळेच सांगतात आणि ते खरं आहे.

पुढची खूण रिकामी होती. ती माईंनी लावायची होती.

चाळीसएक वर्षांत त्या दोनदाच इथे आल्या होत्या, दोन्ही वेळा सोमेश्वराच्या उत्सवाला, आणि दोन्ही वेळा घर सापडलं नव्हतं. जोती सगळी सारखी, वाटा पुसलेल्या. या वेळी घाई नव्हती. त्यांनी देवळापासून सुरुवात केली. मी यंत्र चालू ठेवून मागे, म्हणजे आमची वाट त्यात उमटत जाईल आणि तीच जागा पुन्हा पुन्हा धुंडाळली जाणार नाही. त्या तीन वेळा चुकल्या. पडद्यावर रेघांचा गुंता झाला, पण कुठे जाऊन झालंय ते दिसत होतं, आणि उरलेला मोकळा तुकडाही दिसत होता. भाचा म्हणाला, ‘आजी, इथे अजून आपण गेलोच नाही.’ तिथे एक बावडी निघाली, गाळाने अर्धी भरलेली. तिच्या कठड्याच्या एका चिऱ्यावर दोरीच्या घासण्याने पडलेली खोल खाच. माईंनी त्या खाचेत अंगठा घातला. अंगठा पूर्ण आत गेला. मग त्या बावडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि पावलं मोजत चालू लागल्या. घागर घेऊन जितकी पावलं व्हायची तितकी. ‘हांगाच गो,’ म्हणाल्या. समोर जोतं होतं. तीन पायऱ्यांतल्या दोन शिल्लक, आणि सोप्याची कड.

यंत्रात एक सोय आहे, जागेची सरासरी काढण्याची. एकाच ठिकाणी यंत्र ठेवून द्यायचं, ते दर क्षणाला जागा मोजतं आणि शेवटी सरासरी पकडतं. बहुतेक जण ती वापरत नाहीत, कारण वेळ लागतो. मी यंत्र वरच्या पायरीवर ठेवलं आणि दहा मिनिटं कोणी हात लावला नाही. माई तिथेच टेकल्या. स्वयंपाकघर कुठे, माजघर कुठे, फणस कुठे होता, हे लेकीला हाताने दाखवत होत्या. तासाभराने पुन्हा दहा मिनिटं ठेवलं. दोन्ही नोंदींत दीड मीटरचा फरक. साडेसहा हजारांच्या जुन्या यंत्राने याहून जास्त काही करावं अशी माझी अपेक्षा नाही. ते आकडे मी यंत्रात ठेवले, वहीत लिहिले, आणि वालकिणीला माईंच्या भावांना पाठवले. मोठे मामा उत्सवाच्या दिवशी ते फोनवर लावून नातवाला घेऊन थेट जोत्यावर जाऊन उभे राहिले.

त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या आम्ही मोजून परत आणल्या. पुढे तिथे पिण्याचं पाणी भरणार असतं. तिथे जाल तर एक कागदही मागे ठेवू नका, आणि चिरे, कौलाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नका. ती कोणाची तरी घरं आहेत.

घ्यायचं की नाही? अधूनमधून कुळागरात, समुद्रावर फिरायला जात असाल आणि फोन नवा असेल तर नको. फोनवर फुकट ॲप घाला, नकाशा उतरवून न्या, काम होतं. रानात, उन्हात, दिवसभर चालत असाल, किंवा पुन्हा पुन्हा नेमक्या त्याच जागी यायचं असेल, तर घ्या. सेल घरून चार न्या. पुन्हा भरता येणारे वापरत असाल तर यंत्रात तसं निवडा, नाहीतर ते अर्धे असतानाच ‘संपले’ म्हणतं.

परवा धरण भरून वाहत होतं म्हणून माईंना घेऊन गेलो. पाणी कोसळण्याचा आवाज रस्त्यावरच ऐकू येतो. बाकीचे सांडवा बघायला पुढे गेले. माई पलीकडे, जिथून लांबवर पाणी दिसतं तिथे थांबल्या. म्हणाल्या, ‘खंय आसा पळय गो.’ घर कुठे आहे ते बघ म्हणून. मी नावं उघडली, त्यातलं त्यांचं निवडलं. अंतर लगेच आलं, किलोमीटरच्या पुढे दोन दशांशांपर्यंत. बाण मात्र गोल फिरत होता. मी सांगितलं, माई, चालल्याशिवाय बाण लागत नाही. त्यांनी यंत्र माझ्या हातून घेतलं, छत्री मला दिली आणि काठाकाठाने दहा-बारा पावलं चालल्या. बाण स्थिर झाला. तो दाखवत होता तिकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या, आणि थांबल्यामुळे तो पुन्हा हलायला लागला, तेव्हा यंत्र न बघताच माझ्याकडे परत दिलं.